सांधा दाखवा! : इब्न फदलान, सिंहगड, मेहकर आणि आपली ऐतिहासिक कादंबरी (दीर्घ थ्रेड)

१/
आजचा थ्रेड एका अमेरिकन कादंबरीपासून निघेल, सिंहगडाचा कडा चढेल आणि आमच्या मेहकरात उतरेल. कादंबरीकाराला कल्पनेचा हक्क आहे, याविषयी माझा वाद नाही. वाद एवढाच आहे की, पुरावा कोठे संपतो आणि कल्पना कोठे सुरू होते, तो सांधा वाचकापासून लपवण्याचा हक्क त्याला कोणी दिला? माझे उत्तर स्पष्ट आहे : कोणीही नाही. आणि तो सांधा शोधण्याचे कष्ट टाळण्याचा हक्क आपल्यालाही नाही.

२/
प्रथम ती कादंबरी. 'जुरासिक पार्क'मुळे सर्वांना ठाऊक असलेल्या मायकेल क्रायटनने १९७६ मध्ये 'ईटर्स ऑफ द डेड' प्रसिद्ध केली. १९९९ मध्ये तिच्यावर 'द थर्टीन्थ वॉरियर' हा चित्रपट निघाला. कथा अशी : बगदादच्या खलिफाचा दूत अहमद इब्न फदलान व्होल्गाकाठी नॉर्स योद्ध्यांना भेटतो. ते त्याला तेरावा सोबती म्हणून उत्तरेकडे नेतात. तेथे धुक्यातून येणाऱ्या नरभक्षक टोळीशी झुंज होते. सारे कथन इब्न फदलानच्या 'हस्तलिखिता'च्या स्वरूपात आहे. सोबत विद्वत्तापूर्ण प्रस्तावना, तळटीपा आणि संदर्भसूचीही.

३/
यातले खरे किती? इब्न फदलान खरा आहे. खलिफा मुक्तदिरने व्होल्गाकाठच्या बल्गार राजाकडे पाठवलेल्या शिष्टमंडळात तो होता. २१ जून ९२१ रोजी मंडळी बगदादहून निघाली आणि १२ मे ९२२ रोजी बल्गारांच्या मुलुखात पोहोचली. राजाला धर्मशिक्षक हवे होते आणि किल्ला बांधण्यासाठी पैसाही हवा होता. ठरलेले चार हजार दीनार काही आलेच नाहीत. राजाचा संताप आणि आपली झालेली पंचाईत इब्न फदलानने प्रांजळपणे नोंदवली आहे. स्वतःची फजिती लिहून ठेवणारा साक्षीदार दुर्मीळ असतो; म्हणूनच तो मोलाचा.

४/
तेथेच त्याला 'रूस' व्यापारी भेटले. त्यांच्या सरदाराच्या अंत्यविधीचे त्याचे वर्णन जगप्रसिद्ध आहे. जहाजावर प्रेत ठेवतात. दासींना विचारले जाते : धन्यासोबत कोण मरणार? एक 'मी' म्हणते. तेव्हापासून तिच्यावर पहारा बसतो. अखेरच्या दिवशी तिला मद्य पाजतात आणि एक वृद्धा तिला तंबूत नेते. बाहेर पुरुष ढालींवर काठ्या आपटतात. हेतू असा की, तिच्या किंकाळ्या इतर दासींच्या कानी पडू नयेत. मग जहाजाला अग्नी दिला जातो. ढालींचा हा तपशील कोणी गंमत म्हणून रचत नाही. तो पाहिलेल्या माणसाचा आहे.

५/
हा मजकूर आपल्यापर्यंत आला कसा? तेराव्या शतकातील याकूतच्या भूगोलकोशात त्यातले काही उतारे होते. १९२३ मध्ये झेकी वेलिदी तोगान या अभ्यासकाला इराणमधील मशहदच्या ग्रंथालयात अधिक विस्तृत हस्तलिखित सापडले. ते त्याने १९३९ मध्ये प्रसिद्ध केले. तेही अपूर्णच आहे. परतीच्या प्रवासाची पाने त्यात नाहीत. अशी रिकामी जागा संशोधकाला सलते. कादंबरीकाराला ती आमंत्रण वाटते.

६/
कादंबरीतला दुसरा धागा 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजीतील महाकाव्याचा. राजाच्या सभागृहावर ग्रेंडेल हा राक्षस हल्ले करतो, समुद्रापलीकडून आलेला वीर त्याला मारतो, मग त्याच्या आईला, आणि म्हातारपणी एका अजगरासारख्या सर्पदैत्याला. इ. स. १००० च्या सुमाराचे एकच हस्तलिखित उरले आहे. १७३१ च्या आगीत त्याच्याही कडा करपल्या. क्रायटनचे म्हणणे असे की, या दंतकथेच्या मुळाशी खरी घटना असती आणि तिला एखादा डोळस साक्षीदार लाभला असता, तर काय झाले असते? कल्पना उत्तमच आहे. त्या साक्षीदाराच्या जागी त्याने इब्न फदलानला उभे केले.

७/
प्रत्यक्षात इब्न फदलान स्कँडिनेव्हियात गेल्याचा कोणताही पुरावा नाही. कादंबरीच्या आरंभीचा भाग बराचसा त्याच्या खऱ्या मजकुरावर आधारलेला, पुढचा सारा कल्पित. मात्र भाषा तीच, तळटीपांचा थाट तोच. हस्तलिखिताचा भाषांतरकार म्हणून जे नाव दिले आहे ते 'फ्राउस दोलुस'. लॅटिनमध्ये या दोन्ही शब्दांचा अर्थ कपट, फसवणूक. संदर्भसूचीत 'नेक्रोनॉमिकॉन' नावाचा ग्रंथ आहे. तो भयकथाकार लव्हक्राफ्टने कल्पिलेला, जगात कोठेही नसलेला. ज्याला खूण कळली तो हसला. ज्याला कळली नाही, तो ग्रंथालयात पुस्तक शोधत राहिला.

८/
क्रायटनच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुढे, १९९२ मध्ये त्याने एक टिपण लिहिले आणि काय खरे, काय रचलेले, याचा खुलासा केला. त्यातली त्याची कबुली विलक्षण आहे : काही वर्षांनंतर खरा मजकूर कोणता आणि आपण रचलेला कोणता, हे त्याचे त्यालाच नीट सांगता येईना. जो सांधा लेखकालाच सापडत नाही, तो वाचकाने शोधावा अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची?

९/
आता मूळ आक्षेप. लपवलेल्या सांध्याचा तोटा दुहेरी असतो. पहिला सर्वांना दिसतो : भोळा वाचक खोट्याला खरे मानतो. दुसरा अधिक घातक आहे : एकदा फसलेला वाचक खऱ्यालाही खोटे मानू लागतो. नरभक्षक टोळी रचलेली आहे हे कळल्यावर त्याला वाटते की, जहाजावरची ती दासीही रचलेलीच असणार. हजार वर्षांपूर्वी ढालींच्या आवाजात जिची किंकाळी बुडवली गेली, तिची एकमेव साक्ष आपण पुन्हा एकदा बुडवतो. या वेळी ढालींची जागा तळटीपांनी घेतलेली असते.

१०/
हे परक्यांचे झाले. आता घरी येऊ. हरि नारायण आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी विसाव्या शतकाच्या आरंभीची. तिच्या वाङ्मयीन थोरवीविषयी प्रश्न नाही. परंतु आज शंभर मराठी तरुणांना विचारा : तानाजींच्या बलिदानानंतर महाराज काय म्हणाले? बहुतेक जण कादंबरीचे नावच उत्तर म्हणून सांगतील. कोंढाण्याला सिंहगड हे नाव केव्हा पडले? 'तानाजी सिंहासारखे लढले म्हणून, त्या प्रसंगानंतर.' कडा कसा चढले? 'यशवंती घोरपडीने.' तीन प्रश्न, तीन उत्तरे. आणि तिन्ही तपासून पाहण्याजोगी.

११/
कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, जिंजीला बखर लिहिली. घटनेनंतर तीस वर्षांच्या आतली ही नोंद. तीत महाराजांचे उद्गार आहेत, पण सिंह नाही. एक गड मिळाला आणि एक गड हातचा गेला, अशा अर्थाचे ते बोल आहेत. माणसालाच गड म्हटले आहे. मला विचाराल तर सिंहाच्या उपमेपेक्षा ही अधिक भेदक वाटते. घोरपडही तेथे नाही. मावळे वानरांसारखे कडा चढले, एवढेच सभासद सांगतो. घोरपड आपल्याला भेटते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात.

१२/
नावाचेही तसेच. गड घेतला तो ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री. परंतु सिंहगड हे नाव त्याआधीच्या पत्रव्यवहारात आढळते, हे संशोधकांनी दाखवून दिलेले आहे. म्हणजे नाव तानाजींमुळे पडले, हे म्हणणे कागदापुढे टिकत नाही. यात तानाजींचे काय उणे झाले? काहीही नाही. गडाचे नाव आधीचे असो की नंतरचे, मध्यरात्री कडा चढून जाणारा आणि उदेभानाशी लढताना पडणारा माणूस तोच राहतो.

१३/
परंतु सांधा न दाखवल्याचे फळ बघा. घोरपड खोटी, नाव खोटे, उद्गार कादंबरीतले, हे तुकड्यातुकड्याने कळलेला तरुण एक दिवस म्हणतो, 'मग सगळेच बनावट!' असे म्हणणारे प्रत्येक चर्चेत भेटतात आणि ते सगळेच दुष्ट नसतात. ते दुखावलेले असतात. त्यांनी विश्वास ठेवला होता. दोष घोरपडीचा नाही, शाहिराचाही नाही. पोवाडा हा पोवाडा म्हणूनच गायला गेला. दोष त्यांचा, ज्यांनी पोवाडा, बखर आणि कादंबरी एकाच भांड्यात ढवळून त्यावर 'इतिहास' अशी चिठ्ठी चिकटवली.

१४/
याउलट, तपासले की खरे अधिक घट्ट होते. सभासद सांगतो की, गड हाती येताच खोपटांना आग लावण्यात आली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. हे पडताळता येते. निरभ्र दिवशी राजगडावर उभे राहा. सिंहगड समोर दिसतो. तीनशे वर्षांपूर्वीचे वाक्य आजच्या डोळ्यांनी तपासण्याचा हा आनंद कोणत्याही कल्पित संवादाहून मोठा आहे. ज्याने तो एकदा घेतला, तो पुन्हा 'सगळेच बनावट' म्हणणार नाही.

१५/
'एवढे काय बिघडते?' असे म्हणणाऱ्यांनी संभाजी महाराजांची आठवण ठेवावी. मल्हार रामराव चिटणिसाची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. लेखक ज्या बाळाजी आवजींच्या वंशातला, त्यांना संभाजी महाराजांच्या आज्ञेने देहदंड झालेला. हा सांधा न पाहता नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी त्या बखरीतला व्यसनी, बेजबाबदार राजपुत्र उचलला आणि पिढ्यान्‌पिढ्या रंगवला. एका माणसाची बदनामी रंगभूमीच्या टाळ्यांवर पोसली गेली.

१६/
ती दूर कशाने झाली? दुसऱ्या नाटकाने नव्हे. वा. सी. बेंद्रे यांनी दशकानुदशके दफ्तरे धुंडाळली आणि १९६० मध्ये संभाजी महाराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये कमल गोखले यांचा ग्रंथ आला. त्यानंतर, १९७९ मध्ये, शिवाजी सावंतांची 'छावा'. क्रम लक्षात घ्या : आधी कागद, मग कादंबरी. तरीही आज 'छावा' सर्वांना ठाऊक आहे आणि बेंद्रे किती जणांना? ज्या पायावर घर उभे आहे, त्याचे नावच घरावर नाही. हा कृतघ्नपणा केवळ वाचकांचा नाही. तो आपल्या सगळ्या इतिहासप्रेमाचा आहे.

१७/
पहिला प्रतिवाद : 'कादंबरीमुळेच तरुणांना इतिहासाची गोडी लागते, तळटीपा घातल्या तर कोण वाचेल?' याला मराठीतच उत्तर आहे. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला (१९६८) नरहर कुरुंदकरांचे प्रदीर्घ पत्र प्रस्तावनेच्या जागी जोडलेले आहे. त्यात पुरावे, साधने आणि चरित्रनायकाकडे पाहण्याच्या दृष्टीची परखड चर्चा आहे. त्यामुळे कादंबरीचे वाचक पळाले का? उलट आज कित्येक जण ती प्रस्तावना वाचण्यासाठी पुस्तक हाती घेतात. वाचक तळटीपेला भीत नाही. भीतो तो वाचकाला कमी लेखणारा प्रकाशक.

१८/
दुसरा प्रतिवाद अधिक चतुर आहे : 'बखरही कथनच, इतिहासही कथनच, मग भेद कसला?' भेद उत्तरदायित्वाचा. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला आणि अस्सल पत्रांच्या आधारे बखरींतील काळाचे आणि क्रमाचे घोटाळे उघडे केले. राजवाडेही अनेक ठिकाणी चुकले; त्यांच्या चुका पुढच्यांनी कागद दाखवूनच दाखवल्या. इतिहासकाराचे कथन असे खोडून काढता येते. कादंबरीतला संवाद खोडता येत नाही, कारण तो कशावर उभा आहे हेच सांगितलेले नसते. जे खोडता येत नाही, त्याला पुरावा म्हणू नये.

१९/
मात्र दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझे पटत नाही. 'आख्यायिका म्हणजे कचरा, फेकून द्या' हे संशोधन नव्हे, आळस आहे. आमच्या मेहकरचेच पाहा. पैनगंगेकाठच्या या गावाचे नाव मेघंकर नावाच्या दैत्यावरून पडले आणि विष्णूने शार्ङ्गधर रूपात त्याचा वध केला, असे सांगतात. १८८८ मध्ये येथे भूमीतून निघालेली शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती आज मंदिरात आहे. मूर्ती ही वस्तू आहे. तिची शैली, घडण, काळ यांचा अभ्यास होतो. दैत्य ही कथा आहे. तिचा अभ्यास वेगळ्या रीतीने होतो. दोन्हींना एका तराजूत घालू नये आणि दोन्हींपैकी एकही फेकू नये.

२०/
मेहकरात कंचनीच्या महालाचीही कथा सांगतात. कंचनी नावाच्या नर्तिकेला असा उंच महाल बांधायचा होता की, त्यावरून लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसावा. देवी कोपली आणि कंचनी दगड झाली. आता तपासू. कमळजा देवीचे मंदिर लोणारच्या विवराच्या तळाशी, सरोवराच्या काठावर आहे; भोवती उंच कडा. मेहकर तेथून कित्येक कोस दूर. कड्याआडच्या तळातला दिवा कोणत्याही महालाच्या गच्चीवरून दिसणे अशक्य. राजगडावरून सिंहगडाचा उजेड दिसतो. मेहकरावरून कमळजेचा दिवा दिसत नाही. तपासण्याची रीत एकच, निकाल मात्र दोन.

२१/
मग कंचनीची कथा निरुपयोगी ठरते का? मुळीच नाही. ती दिव्याचा पुरावा नाही. पण लोणार आणि मेहकर ही दोन स्थळे लोकांच्या मनात एकमेकांना बांधलेली होती, याची खूण ती आहे. आणि ते बंधन कागदावरही आढळते. अकबरकालीन 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकर आहे आणि लोणार त्याच्या हद्दीतले पवित्र स्थान म्हणून नोंदलेले आहे. डोंगरांनी वेढलेले, कोसभर लांबी-रुंदीचे खारे सरोवर. त्यातून काच आणि साबणासाठी लागणारे द्रव्य मिळते आणि सरकारात चांगला महसूल जमा होतो, असेही तेथे म्हटले आहे. कथा नाते सांगते, कागद त्याचा हिशेब सांगतो.

२२/
आता सावध राहा. तुमच्या डोळ्यांदेखत मी एक लबाडी रचून दाखवतो. पुढचे वाक्य पूर्णपणे खोटे आहे :
'हिजरी ३०४ मध्ये सैमूर बंदरातून निघालेल्या एका अरब प्रवाशाने घाट चढून एक गोल, खारे सरोवर पाहिले आणि तेथील लोक रात्री पाण्यातून वर येणाऱ्या दैत्याशी लढत असल्याचे आपल्या रोजनिशीत लिहिले.'
किती खरे वाटते, नाही? याला चार तळटीपा आणि एका दूरच्या ग्रंथालयाचे नाव जोडले की उद्या हे 'लवणासुराचा अरबी पुरावा' म्हणून गावोगाव फिरेल. लोणारच्या लवणासुराची पुराणकथा आपल्याला ठाऊक असल्यामुळे मन लगेच होकार देते.

२३/
हे खोटे इतके खरे का वाटते? कारण त्यातल्या विटा खऱ्या आहेत. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७ मध्ये, अल-मसूदी हा बगदादचा विद्वान खरोखरच सैमूरला होता. सैमूर म्हणजे आपले चौल, असे सामान्यतः मानतात. तेथील राजाचे नाव तो देतो. तो कोकणचा शिलाहार झंझ. बंदरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते, सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले, असेही तो लिहितो. सर्वांवर अंमल 'बल्हरा'चा, म्हणजे राष्ट्रकूट सम्राटाचा. विटा खऱ्या, चुना माझा. क्रायटनने केले ते नेमके हेच. आणि खरे सांगतो, हे करायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत.

२४/
आता माझी रोजनिशी बाजूला ठेवा आणि केवळ विटांकडे पाहा. मसूदी चौलच्या बाजारात हिंडला त्यानंतर पाचच वर्षांनी इब्न फदलान बगदादहून व्होल्गाकडे निघाला. एकाच जगाची ही दोन टोके : कोकणचा किनारा आणि रशियातील नदी. स्कँडिनेव्हियाच्या भूमीत हजारोंनी अरबी दिरहम सापडले आहेत. स्वीडनमधील हेल्गो बेटावर १९५० च्या दशकात उत्खननात सापडलेली छोटी बुद्धमूर्ती तर भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात घडलेली. ती तेथवर किती हातांतून गेली असेल? या प्रश्नात जो थरार आहे, त्याला नरभक्षकांच्या टोळीची गरज नाही.

२५/
तेव्हा मागणी काय? लेखक आणि प्रकाशकांकडे एकच : प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीच्या शेवटी चार पाने. कोणती पात्रे कल्पित, कोणते प्रसंग कशाच्या आधारे, कोठे साधने परस्परविरोधी आहेत आणि लेखकाने कोणते का निवडले. लॅटिन कळणाऱ्यांसाठी गुप्त खुणा नकोत. साध्या मराठीत निवेदन हवे. 'ही कलाकृती आहे' असा एक ओळीचा कायदेशीर खुलासा म्हणजे सांधा दाखवणे नव्हे; तो न्यायालयापासून बचाव आहे, वाचकाचा आदर नाही. चित्रपटांनाही हाच नियम.

२६/
आणि आपल्याकडे, म्हणजे हा थ्रेड वाचणाऱ्यांकडे, तीन प्रश्नांची मागणी. कोणताही थरारक प्रसंग पुढे पाठवण्यापूर्वी विचारा :
एक, हे प्रथम कोणी लिहिले आणि घटनेनंतर किती वर्षांनी?
दोन, लिहिणाऱ्याचा त्यात काय लाभ वा राग होता?
तीन, यातले काय आज स्वतः तपासता येईल. गड, नदी, तारीख, अंतर?
उत्तर मिळाले नाही तर पाठवू नका असे मी म्हणत नाही. पाठवा, पण वर लिहा : 'पोवाड्यात असे आहे', 'कादंबरीत असे आहे', 'आमच्या गावात असे सांगतात'. या तीन-चार शब्दांनी कोणत्याही कथेची गोडी कमी झालेली मी पाहिलेली नाही.

२७/
'तुम्ही आमच्या नायकांना छोटे करता' हा आरोप या थ्रेडखालीही येईल, हे मला ठाऊक आहे. त्याचे उत्तर आधीच देतो. ज्या नायकाला उभे राहण्यासाठी घोरपड लागते, त्याच्यावर आपलाच विश्वास कमी पडलेला असतो. तानाजी मालुसऱ्यांना घोरपडीची गरज नाही. संभाजी महाराजांना बदनाम करायला कल्पना पुरली. त्यांना सावरायला कागद लागले. व्होल्गाकाठच्या त्या दासीचे तर नावही उरलेले नाही. तिच्यासाठी उरली आहे ती एका परक्या माणसाने पाहून लिहिलेली काही वाक्ये. ती वाक्ये तेवढीच, तशीच आणि स्वच्छ ठेवणे, एवढेच आपल्या हाती आहे.

२८/
कादंबऱ्या वाचा. पोवाडे ऐका. मेहकरला आलात तर कंचनीचा महाल पाहा, कथा ऐका, मग लोणारला जाऊन विवराच्या कड्यावरून खाली पाहा आणि दिवा दिसेल का, हे स्वतःच ठरवा. फक्त सांधा विसरू नका.

तुमच्या गावातही अशी एखादी कथा असेलच. खाली लिहा, मात्र ती पहिल्यांदा कोठे नोंदली गेली, किंवा तुम्ही ती कोणाकडून ऐकली, तेही सोबत लिहा.

(समाप्त)